धड्याखालचे प्रश्न

सोलापुरात मी गेली २२ वर्षे सहावी ते आठवीच्या मुलांना मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांची ही दुसरी भाषा, काहींची तिसरी. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, गल्लीत तिन्हींची सरमिसळ आणि शाळेत ‘सुलभभारती’.

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने चाचणीत उताऱ्याच्या प्रश्नाला दहापैकी दहा गुण मिळवले. उतारा मधमाश्यांवर होता. राणी माशी किती, कामकरी माश्या काय करतात, नर कशासाठी, सगळी उत्तरे अचूक. उताऱ्यातलीच वाक्ये उचलून नीट अक्षरात उतरवलेली. त्याच आठवड्यात ती आईचे विडी कारखान्याचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. या महिन्यात पैसे कमी का आले, ते बाईंना विचारून ये, असे आईने सांगितले होते. मी म्हटले, “तूच वाच की.” तिने वाचले. तारीख, दिलेले पान, तंबाखूचे वजन, जमा विडी, पास विडी. एकही शब्द अडला नाही. मग पुस्तक मिटून ती म्हणाली, “वाचलं बाई. पण ह्यात प्रश्न कुठेत?”

तिचे काही चुकले नव्हते. मजकूर वाचायचा आणि खाली छापलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधायची, हेच मी तिला शिकवले होते. कारखान्याच्या पुस्तकात ओळीखाली प्रश्न नव्हते. त्या दिवसापासून मी मराठी क्रमिक पुस्तकांच्या इतिहासात डोकावू लागले. मुलांनी काय वाचायचे हे कोणी आणि कसे ठरवले, यापेक्षा वाचताना प्रश्न कोणी विचारायचे, हे मला हवे होते.

छापील पुस्तक येण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत धुळपाटी होती, पाढे होते, पावकी-निमकी होती आणि मोडी होती. तिथला माहितीचा मजकूर म्हणजे पत्राचा मायना, खत, हुंडी. पोथीतले साहित्य कानांनी यायचे, कीर्तनातून आणि पुराणातून. शाळेत या दोन वाचनांची गाठ पडत नसे.

ती पडली १८२० नंतर. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत शाळा आणि शाळांची पुस्तके यांसाठी मंडळी उभी राहिली. तिचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे. बापू छत्रे म्हणून ते ओळखले जातात. १८२८ मध्ये त्यांचे ‘बाळमित्र’ निघाले आणि त्याच वर्षी ‘इसापनीतिकथा’. ‘बाळमित्र’ मुळात बर्क्विन या फ्रेंच लेखकाचे. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून घेतले. मराठी मुलाच्या हाती पडलेल्या या छापील गोष्टी अशा दोन-तीन भाषांचा प्रवास करून आल्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही. माझ्या वर्गातली प्रत्येक गोष्ट रोज तेवढाच प्रवास करते. पण गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आले, आणि तात्पर्य नेहमी मोठ्यांचे असते. कोल्ह्याला द्राक्षे खरेच आंबट वाटली असतील का, असे मुलाने विचारायला तिथे जागा नव्हती.

शतकाच्या मध्यावर सरकारी शाळांची पुस्तके मेजर थॉमस कँडी यांच्या हाताखालून जाऊ लागली. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे ते हेच कँडी. आज आपण वाक्यात स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह देतो, ती चिन्हे मराठीत रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा; १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तिकाच काढली. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ निघाले. जुन्या मराठी कवींच्या वेच्यांचा हा संग्रह पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालला. ज्या कविता कानावरून जात होत्या त्या आता डोळ्यांखालून जाऊ लागल्या. त्यांचा अन्वय लावायचा, अर्थ सांगायचा, पाठ म्हणायच्या. शाळेत साहित्य आले ते पाठांतराच्या वाटेने, आणि माहिती आली तीही त्याच वाटेने. मोरोपंतांची आर्या आणि खंडांची नावे एकाच सुरात म्हणता येतात. मी स्वतः तशीच शिकले.

याच सुमारास पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’त तो फेब्रुवारी आणि मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला. तिचे वय १४ असल्याचे सांगतात, म्हणजे माझ्या आठवीतल्या मुलींएवढे.

तो निबंध मी अनेकदा वाचला आहे. आधी मला त्यातला संताप दिसे. शिक्षिका म्हणून वाचू लागले तेव्हा त्यातले वाचन दिसले. वेद आमचेच, इतरांनी ते पाहू नयेत, हे ब्राह्मणांचे म्हणणे ती आधी खोडत बसत नाही. ते खरे धरून चालते. असे असेल तर आमच्यापाशी धर्मपुस्तक नाही. पुस्तक नाही म्हणजे धर्म नाही. मग आमच्यासाठी कोणता धर्म नेमला आहे, ते देवानेच कळवावे. जो ग्रंथ तिला उघडता येत नव्हता, त्याच्या बंदीचाच तिने अर्थ लावला. त्यानंतर ती माहिती देते. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसे पुरली गेली. पेशवाईत तालमीपुढून गेले म्हणून जीव गेले. बाळंत होणाऱ्या बाईच्या घरावर छप्परही नसते. हे सारे तिने दुःखाच्या भाषेत लिहिले आहे, तरी प्रत्येक वाक्य साक्षीसारखे उभे आहे. हा माहितीपर उतारा की ललित, असा प्रश्न मी पत्रिकेत घातला तर मलाच उत्तर देता येणार नाही.

त्याच १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. ते स्वीकारले गेले नाही. त्यात एका कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि ते जोडपे कर्जात बुडते. पंचांगात काय लिहिले आहे, हे त्यांना जोशाच्या तोंडूनच कळणार. शेवटी नवरा-बायको दोघेही शाळेत जायचे ठरवतात. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय असावे याची यादी दिली: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरण यांची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे. क्रमिक पुस्तके नव्याने घडवावी लागतील, असेही त्यांनी सुचवले. यादीत मोडी आहे, इकडे माझे आधी लक्षच गेले नव्हते. सावकाराचे खत आणि कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. शेतकऱ्याच्या पोराला ते वाचता आले पाहिजे, हा त्या यादीमागचा हेतू मला आता स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकात पुस्तके हसरी झाली, आणि त्याचे मोठे श्रेय प्रल्हाद केशव अत्र्यांना. ते हाडाचे शिक्षक. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त मुलाची भाषा मुलाची झाली. त्यांच्या ‘दिनूचे बिल’ या धड्यात एक मुलगा आपण केलेल्या कामांचे बिल आईपुढे ठेवतो आणि आई त्याला आपले बिल देते. बिलासारखा कोरडा कागद अत्र्यांनी गोष्टीच्या पोटात घातला. हा धडा शिकवताना वर्ग दर वेळी शांत होतो. मुले आईच्या मायेवर छान लिहितात. बिलात काय लिहितात, आकडा कोण ठरवतो, आईचे काम कुठे मांडले जाते, हे विचारायचे मात्र कित्येक वर्षे मला सुचले नाही.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि ‘बालभारती’ घराघरात गेली. कोकणातल्या आणि मेळघाटातल्या मुलाला एकच पुस्तक मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. कविता, कथा, चरित्र, विज्ञानाचा धडा, मुलाखत, सूचनाफलक, सगळे त्यात आले. स्वाध्यायही पुष्कळ सुधारले. पण चाचणीच्या घाईत आम्ही शिक्षक ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ यावरच थांबतो. कवितेलाही तेच, मधमाशीलाही तेच.

आता मी आठवीला मुक्ताच्या निबंधातला थोडा भाग वाचायला देते. खाली एकही प्रश्न देत नाही. प्रश्न त्यांनी काढायचे. पहिल्या वर्षी आलेला पहिला प्रश्न मला बोचला: “हे तिनंच लिहिलं कशावरून?” मग वाटले, यापेक्षा चांगला प्रश्न कोणता? कोणी छापले, मिशनऱ्यांना त्यात काय हवे होते, तिच्या घरच्यांशिवाय ह्या गोष्टी कोणाला ठाऊक असणार, यावर तास गेला. मुक्ताविषयी एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. तिचे वाचन ऐकून कँडीसाहेबांनी तिला खाऊ दिला, तेव्हा आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे ती म्हणाली. ही गोष्ट मी मुलांना सांगते आणि निबंधाशेजारी ठेवते. एक छापून आलेला मजकूर आहे, दुसरी आपण मागाहून सांगत आलेली गोष्ट. दोन्ही वाचायच्या, पण दोन्हींना एकच प्रश्न विचारून चालत नाही. साक्षीला कशावरून म्हणून विचारायचे. गोष्टीला, ही आपल्याला इतकी का हवीशी वाटते, असे.

आणि ते विडीचे पुस्तक? त्या दिवशी मी मुलीला म्हटले, “प्रश्न तू काढ.” तिने वहीत तीन लिहिले. जमा आणि पास यांत फरक का? नापास विडी कोणी ठरवली? नापास विडी परत दिली का? मग तिने प्रत्येक तारखेचा फरक काढून बेरीज केली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात कच्चा माल, नापास विडी आणि तिची मजुरी यांवरच्या वादांचा विचार केला आहे, एवढे मला माहीत होते. ते मी तिला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती जरा हिरमुसून आली. “आईला बेरीज दाखवली बाई. आई म्हणाली, एवढं मला माहीतच आहे.” आईला अक्षर येत नव्हते, पण कापलेली विडी तिच्या बोटांना पाठ होती. “मग तुला पाठवलं कशाला?” मी विचारले.

“आई म्हणाली, मी बोलले तर कोण ऐकतं. लिहिलेलं असलं की विचारता येतं.”

तिने वहीचे ते पान फाडून आईला दिले होते. कारखान्यात पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. वहीच्या शिवणीत पानाची दातेरी कड तेवढी राहिली होती. त्या सहामाहीत वह्या तपासताना एक पान कमी म्हणून मी गुण कापले नाहीत.