दोन चाकांमधील अंतर

छिंदवाड्याच्या पठारावरून सिल्लेवानीचा घाट उतरून रामाकोन्याच्या बाजूस आले, की मुलूख एकदम पालटतो; काळी कापूसजमीन सुरू होते, हवा ऊन होते, आणि वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी कानांवर पडू लागते. सौंसर आणि पांढुर्णा यांचा हा प्रदेश प्रथम देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता, अठराव्या शतकाच्या मध्यास तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५३ मधील तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर इंग्रजांनी खालसा केला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले तरी तो मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तहसिलींचा निराळा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. राजवटी अशा पालटत असताना या मुलखातील आमदरफ्त ज्या एका मापावर अवलंबून होती, त्या मापाचा, म्हणजे वाहनाच्या दोन चाकांमधील अंतराचा, इतिहास मला राजवटींच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पावसाळ्यात ही काळी जमीन पाण्याने फुगते व चाके तीत रुततात. उन्हाळ्यात तीच भेगाळून कठीण होते, आणि ओल्या दिवसांत पडलेल्या चाकोऱ्या तशाच टणक होऊन बसतात. ज्या बंडीच्या चाकांतील अंतर या चाकोऱ्यांशी जुळत नसे, तिचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर चाले, ओझे एका अंगास कलंडे, आणि जू एकाच बैलाच्या मानेवर अधिक दाबले जाई. त्यामुळे तुंबा, आरे, पाटे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव यांत सुताराचे व लोहाराचे कौशल्य कितीही दिसो, आखाची लांबी मात्र गावच्या वाटेने ठरविलेली असे. चाक आखावर कुणीने अडकविलेले असे आणि तुंबा झिजून चाक डुलू लागले म्हणजे मध्ये लोखंडाची चकती घालून ती झीज भरून काढीत. परंतु चाके खरोखरीच दूर सारावयाची झाली, तर चकतीने भागत नसे, आखच नवा घालावा लागे, कारण बाहेर सरकलेल्या चाकाचा भार त्या आखालाच पेलावयाचा असे.

वेगासाठी केलेल्या वाहनाची परंपराही येथे परकी नाही. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातील गवळाऊ जातीचे बैल त्यांच्या दुडक्या चालीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ वाटांनी त्वरेने हलविता यावे म्हणून ही जात जोपासली गेली, असे परंपरा सांगते. खासर ही ओझ्याची गाडी, रेंगी ही माणसे नेण्याची, आणि विदर्भातील शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी छकडी ही केवळ वेगाची. तीत लाकूड जितके कमी करता येईल तितके केलेले असते, आणि धुरकरी तिच्यावर कसाबसा तोल सांभाळून बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्राला २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा भरविण्याची मुभा दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यासाठी केलेला कायदा वैध ठरविला.

आगगाडी आली तेव्हा चाकांमधील अंतराचा हाच प्रश्न लोखंडात उतरला. बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे जो मार्ग नेला तो अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता, कारण घाटातील तीव्र वळणे अरुंद मार्गाला मानवतात आणि खर्चही कमी येतो. उलट इटारसी-नागपूर या मुख्य मार्गावरच्या पांढुर्ण्याला साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग लाभला. शेजारच्या दोन तहसिलींची ही विषमता लहान नव्हती. सौंसरच्या बाजूचा माल छोट्या गाडीतून नागपुरास जाई आणि पुढे दूर जावयाचा असला तर तेथे मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे, तर पांढुर्ण्याच्या संत्र्यांना हा फेरा पडत नसे. २०१५ साली ती छोटी गाडी बंद झाली आणि पुढे तेथेही रुंद मार्ग आला. पण त्यासाठी रूळ, पूल, डबे, सगळेच नव्याने करावे लागले, निव्वळ चाके बाहेर ओढून काम झाले नाही.

ही जुनी हकीकत सांगण्याचे कारण असे, की वेगवान मोटारींची चाके बाहेर काढण्याची हौस आता सर्वत्र बोकाळली आहे, आणि ती भागविण्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर नावाची धातूची चकती बसविली जाते, सस्पेन्शन मात्र कारखान्यातून आलेले तसेच ठेवून. प्रत्येक बाजूस वीस मिलिमीटरची चकती घातली तर चाकांतील अंतर चाळीस मिलिमीटरने वाढते, गाडी रुंद व ठाम दिसते आणि वळणावर भार काहीसा कमी सरकतो, हे खरे. परंतु चाक बाहेर गेले की त्याच्या भाराची तरफ लांबते; बेअरिंगवर वाकविणारा जोर वाढतो, तीच स्प्रिंग चाकापाशी अधिक मऊ भासते, आणि सुकाणूचा अक्ष जमिनीला जेथे मिळतो तेथून टायरचा मध्य दूर गेल्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक धक्का सुकाणूला जाणवतो. सिल्लेवानीच्या वळणावर ब्रेक दाबताना एक चाक डांबरावर आणि दुसरे कडेच्या मुरमावर आले, तर ही ओढ क्षणात हातांत येते. शिवाय नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत कारखान्याने ठरविल्यापेक्षा फरक पडेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने मज्जाव केला आहे.

माझे मत स्पष्ट आहे: निव्वळ दिसण्यासाठी हे करू नये. ज्याला ते करणे खरोखरीच प्राप्त असेल, त्याने हबच्या मध्यावर घट्ट बसणारीच चकती घ्यावी, बोल्टचे पुरेसे आटे नटात जातात की नाही हे स्वतः मोजून पाहावे, थोडे अंतर चालविल्यावर नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळावेत, आणि चाकाच्या बाजूने वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येऊ लागताच बेअरिंग पालटून चकती काढून टाकावी.