एका रुपयाची बढती

१/ १८८६ चा प्राप्तिकर कायदा. वार्षिक पगार ५०० रुपयांहून कमी असल्यास कर माफ. त्यापुढे रुपयामागे ४ पै. पगार २,००० वा अधिक असल्यास ५ पै. (रुपया म्हणजे १६ आणे, अर्थात १९२ पै.)

२/ मेख अशी की, वरचा दर केवळ वरच्या रकमेस नव्हे, संपूर्ण पगारास लागे.

३/ हिशेब पाहा. १,९९९ रुपयांवर कर ४१ रुपये १० आणे ४ पै. २,००० रुपयांवर ५२ रुपये १ आणा ४ पै. पगार वाढला एक रुपयाने, कर १० रुपये ७ आण्यांनी! बढती मिळूनही कारकुनाच्या हाती आधीपेक्षा कमीच.

४/ १९१६ साली अशा पायऱ्या आणखी वाढल्या.

५/ १९३९ च्या दुरुस्तीने पायऱ्यांच्या जागी स्लॅब आणले : प्रत्येक दर आपापल्या टप्प्यातील रकमेपुरताच. १८८६ चेच दर या रीतीने लावले असते, तर त्या वाढीव रुपयावर कर पडला असता फार तर ५ पै.

६/ आजच्या जुन्या व नव्या, दोन्ही करप्रणालींतील दर स्लॅबनेच लागतात. वरच्या टप्प्यात पाऊल पडताच साऱ्या पगारावर चढा दर बसेल, ही भीती त्या जुन्या पायऱ्यांची आहे.