मामाची गाडी आणि थर्ड पार्टीचा इतिहास

आजच्या भागाचा विषय मला मामाने दिला, तोही नकळत.

मामा मोखाड्याचा. त्याच्या गाडीला पंधरा वर्षं पुरी होतायत, म्हणजे आरसीची मुदत संपतेय. आता पंचवीस नंबरचा फॉर्म भरायचा, पीयूसी काढायची, घाट उतरून गाडी वसईच्या आरटीओकडे तपासणीला न्यायची. आणि या सगळ्याच्या आधी विमा चालू पाहिजे. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून एकदम 5,000 झालं, वर पर्यावरण कर वेगळा. मग माणूस काटकसर कुठे करणार? विम्यात. मामाने फोनवर विचारलं, "अरे, नुसती थर्ड पार्टी काढली तर चालतंय ना? जुनीच तर गाडी आहे."

मी म्हटलं, चालतंय. कायद्याने चालतंच.

फोन ठेवला आणि डोक्यात आलं, मामाच्या गाडीत मामा एकटा कधी असतो? पाड्यावर कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, की गाडी निघाली जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे. पुढे दोघं, मागे चौघं. त्या थर्ड पार्टीत ही माणसं कुठे बसतात? शोधायला लागलो, तर थेट इतिहासात पोचलो.

इंग्लंडमध्ये 1930 साली थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तेव्हाचा प्रश्न होता रस्त्याने चालणाऱ्याचा. मोटार त्याला उडवते, कोर्ट भरपाई मंजूर करतं, पण चालकाच्या खिशात दमडी नसते. म्हणून विमा. पहिली पार्टी गाडीमालक, दुसरी विमा कंपनी, तिसरी म्हणजे तो रस्त्यावरचा माणूस.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1939 चा. पण त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण लागू झालं 1 जुलै 1946 ला. इथे आपल्या भागाची एक गंमत आहे. तो कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात आणि जव्हार मुकणे राजांचं संस्थान. म्हणजे विसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मधेच कायद्याची हद्द! मोखाड्यात जी सक्ती होती, ती जव्हारच्या हद्दीत आपोआप लागू नव्हती. 1948 ला संस्थान विलीन झालं आणि हा भेद उरला नाही. (तेव्हा त्या रस्त्यावर मोटारी किती असतील म्हणा!)

आता मुद्द्याचं. 1939 च्या कायद्यात कलम 95 होतं. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीत बसलेल्यांसाठी विमा सक्तीचा. पण खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसासाठी? नाही. पाहुणा, शेजारी, मित्र, कुणीच नाही.

हे लोकांना कळायला एक खटला लागला. डिसेंबर 1960. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक कार झाडावर आदळली. गाडी एका जिनिंग कंपनीची, चालवत होता तिचा मॅनेजर. सोबत बसलेला एक गृहस्थ गेला. त्याच्या कुटुंबाने दावा लावला. 'पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग' या नावाने वकील मंडळी तो आजही सांगतात. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1977 मध्ये. सतरा वर्षं! कोर्टाने गाडीमालक कंपनीला जबाबदार धरलं. विमा कंपनीबद्दल मात्र म्हटलं, की अशा प्रवाशाचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. पॉलिसीत प्रवाशांसाठी 15,000 रुपयांची जादा तरतूद होती, तेवढीच तिची जबाबदारी. बाकीची मालकाने भरायची.

ही ओळ मला दोनदा वाचावी लागली. बाकीची मालकाने. म्हणजे उद्या मामाने.

पुढे 1988 चा नवा कायदा आला, पण हा कोपरा तसाच राहिला. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने बाईकवर मागे बसलेल्याबद्दलही तेच सांगितलं: नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल तर तो त्यात नाही. ट्रिपल सीट जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा. मालाच्या गाडीचंही तसंच. डिसेंबर 2002 च्या आशा राणी खटल्यात ठरलं, की मालासोबत असलेला त्याचा मालक किंवा प्रतिनिधी धरला जाईल, पण वाटेत चढलेला प्रवासी नाही, फुकट असो की भाडं देऊन. दिवाळीनंतर आपल्याकडची कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात ती कशातून जातात, ते तुम्ही बघितलंच असेल.

मग मार्ग काय? पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात ती. नोव्हेंबर 2009 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना स्पष्ट कळवलं, की पॅकेज असेल तर खासगी कारमधले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेला, दोघांचीही जबाबदारी तुमची. 2012 च्या बालकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हाच फरक उचलून धरला.

लोकांना वाटतं, फुल इन्शुरन्स म्हणजे पत्रा आणि बंपरचे पैसे. जुन्या गाडीचा पत्रा कोण बघतो! पण तुमची माणसं आत येतात ती तिच्यातच.

मी मामाला परत फोन केला. आकडे सांगितले. 1000 ते 1500 सीसीच्या कारचा थर्ड पार्टी दर सरकारने जून 2022 मध्ये 3,416 ठरवला, तो सगळीकडे सारखा. तिथे कंपन्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. फरक पडतो वरच्या 'ओन डॅमेज' भागात. 2007 पासून तो दर कंपन्या आपापला ठरवतात. तो गाडीच्या आयडीव्हीवर चालतो, आणि पंधरा वर्षांच्या गाडीची आयडीव्ही असते ती कितीशी? म्हणून हा भाग बहुधा वाटतो तेवढा महाग पडत नाही. काही कंपन्या एवढ्या जुन्या गाडीला पॅकेज द्यायला कां-कूं करतात, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारावं लागतं. मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर वेगळं. ते मामाचं, शेजाऱ्यांचं नव्हे.

"आणि पेट्रोलचे म्हणून कुणी पैसे दिले तर?" मामाने विचारलं.

खासगी पॉलिसीत भाड्याने माणसं न्यायची नाहीत अशी अट असते. भाडं घेतलं की कंपनीला हात झटकायला जागा मिळते. मामा हसला. म्हणाला, "भाडं कोण देतंय? परवा एकाने नाचणी दिली पायलीभर."

नाचणीबद्दल कोर्टाचा निकाल मला काही सापडला नाही. मामाने दोन कंपन्यांचे आकडे मागवलेत, तिसऱ्याचा यायचाय. आरसीची मुदत संपायला अजून महिना आहे.