ऊन, मुडदूस आणि एमएस

फेब्रुवारीत दातिवऱ्याला गेले होते. तिथल्या ओळखीच्या एका काकूंना एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. काकूंनी विचारलं, "तू यातच पीएचडी करतेस ना गं? मग ड जीवनसत्त्व भरपूर घेतलं तर माझी इंजेक्शनं बंद होतील का?" समोर भर उन्हात बोंबील वाळत होते. उत्तरासाठी शंभर वर्षं मागं जावं लागेल. चला माझ्याबरोबर.

१९२२ साली हचिसन आणि शाह यांनी नाशिकमधला मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंमत बघा, पोटभर खाणाऱ्या पण पडद्यात, अंधाऱ्या घरांत वाढणाऱ्या सधन घरच्या मुलांत मुडदूस होता. निकृष्ट खाणारी गरिबांची मुलं उन्हात हिंडत, आणि त्यांची हाडं सरळ होती. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी दाखवलं की कॉड माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा आहे. तोच आपला 'ड'. उन्हात आपली त्वचा तोच तयार करते.

म्हणजे 'ड'ची ओळख झाली ती हाडांमुळे. मग तो एमएसपर्यंत पोचला कसा? १९६० मध्ये अ‍ॅचिसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. जिथे ऊन कमी, तिथे एमएस जास्त. १९७४ मध्ये गोल्डबर्ग यांनी यामागे ड जीवनसत्त्व असावं, असं मांडलं. १९८०च्या दशकात रोगप्रतिकारक पेशींवरही 'ड'ला ओळखणारे रिसेप्टर सापडले. २००६ मध्ये सैनिकांच्या साठवलेल्या रक्तावरून दिसलं की गोऱ्या लोकांत ज्यांची पातळी जास्त, त्यांना एमएसचा धोका कमी. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत मात्र तसा संबंध दिसला नाही.

इथे आपल्याच किनाऱ्याकडे वळू. पारशी या पट्ट्यात शतकानुशतकं राहताहेत. डहाणूजवळच्या बाहरोट गुहेत त्यांनी एकेकाळी आपला पवित्र अग्नी जपला होता. १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की पारशांत एमएसचं प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरंच जास्त आहे. ऊन तेच, समुद्र तोच! म्हणजे नुसतं ऊन पुरत नाही, जनुकंही मोजावी लागतात. २०२२ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गाशी एमएसचा पक्का संबंध दिसला. धूम्रपानही धोका वाढवतं.

नाशिकच्या मुलांचा प्रश्न सरळ होता: कमतरता भरून काढा, मुडदूस हटतो. एमएसमध्ये 'ड' हा अनेक धाग्यांपैकी एक. चालू औषधांच्या जोडीला 'ड' देऊन पाहिलेल्या काही चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. २०२५ च्या एका फ्रेंच चाचणीत, पहिला झटका नुकताच आलेल्यांना मोठे डोस दिल्यावर आजाराची हालचाल कमी झाली. ही आशा आहे, पण या जीवनसत्त्वाने औषधांची जागा घेतलेली नाही. शिवाय मनाने भरमसाट घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

काकूंना एवढंच सांगितलं: रक्तातली पातळी तपासा, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या, आणि इंजेक्शन चुकवू नका. काकू म्हणाल्या, "बरं बाई, मग पुढचं इंजेक्शन घेते." तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांनाही हे जरूर सांगा.