नावेच्या पाठीवरचे यंत्र

होडीच्या मागच्या फळीला आवळून बसविलेले, गुरगुरत निळसर धूर सोडणारे आउटबोर्ड यंत्र ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला ते मूळचे पेट्रोलचेच वाटावे हे स्वाभाविक आहे; परंतु इतिहासाचे दप्तर उलगडले असता असे आढळते की, या जागेवर पेट्रोलचा अंमल बसण्यापूर्वी सुमारे पाव शतक आधी तेथे विजेने आपले ठाणे मांडले होते.

सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत मोरिट्झ याकोबी याने १८३८ साली जस्ताच्या विद्युत्‌घटांवर माणसांनी भरलेली नाव चालवून दाखविली होती. पण त्याचे यंत्र नावेच्या पोटात होते. ते उचलून सुकाणूवर चढविण्याची प्रतिभा पॅरिसच्या ग्यूस्ताव्ह त्रूव्हे या उपकरणकाराची. २६ मे १८८१ रोजी त्याने सेन नदीत जी लहानशी नाव उतरविली, तिच्या सुकाणूच्या माथ्यावर सुमारे पाच किलो वजनाची मोटर होती, सुकाणूच्याच पात्यात पंखा फिरत होता, दोहोंना साखळीने जोडले होते. आणि सुकाणू वळविण्याच्या ज्या दोन दोऱ्या नावाड्याच्या हाती असत, त्यांतूनच विद्युत्‌घटांचा प्रवाह मोटरीपर्यंत पोहोचत असे. दिशा आणि शक्ती यांची इतकी मनोहर सांगड मला तरी अन्यत्र आढळलेली नाही. शिवाय हा सारा सरंजाम सुकाणूसह काढून घरी नेता येई, आणि आउटबोर्डचे मर्म तेच होय.

मग १९०९ साली, मिलवॉकी येथे, नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे पेट्रोल-यंत्र विक्रीस काढले आणि बाजार पालटला. (त्याच वर्षी बव्हेरियातील क्यॉनिगझे सरोवरात विजेच्या प्रवासी नावा सुरू झाल्या, आणि तेथे आजही वीजच चालते.) विजेचा पराभव वजनाने केला: एक किलो पेट्रोलात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा सामावते, तर शिशाच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम ३० ते ४०, म्हणून इंजिनाने त्यातील बहुतांश उष्णतेत उधळली, तरी पारडे त्याच्याच बाजूला झुकत राहिले.

लिथियमच्या बॅटरीने हे अंतर काहीसे घटविले आहे, आणि म्हणून जुन्या पेट्रोल-आउटबोर्डला वीज जोडण्याची खटपट आता हौशी कारागीर करू लागले आहेत. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली कोनी दातेरी चाके आणि पंखा, ही एव्हिनरूडच्या काळची रचना त्यांच्या कामी येते. इंजिनाचे बोल्ट सोडून ते उचलावे, त्या जागी जाड अॅल्युमिनियमची पाटी बसवून मोटर उभी करावी, आणि खरी कसोटी लागते ती मोटर व दांडा जोडताना. कारण दांड्याच्या टोकाच्या खाचा प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. चतुर कारागीर अशा वेळी जुन्या क्रँकशाफ्टचे खाचेदार टोकच कापून घेतो व त्याची जोडणी घडवितो. हवेने थंड होणाऱ्या मोटरीला पाण्याचा पंप लागत नाही, तेव्हा त्याचा रबरी पंखा काढून टाकावा. कोरडा फिरला तर तो जळतो. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तीन किलोवॉटची मोटर पूर्ण वेगाने दीड तास चालते. शांत तळ्यात सावकाश गेल्यास पुष्कळ अधिक. या कामासाठी इंजिन जॅम झालेले यंत्र स्वस्तात मिळाले तर खुशाल घ्यावे, मात्र खालच्या गिअरपेटीतले तेल आधी काढून पाहावे: ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे आणि सील बदलल्यावाचून गत्यंतर नाही.