नागमाशीचे गणगोत आणि वर्धेची कपाशी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु ज्या काळ्या जमिनीवर वर्धा जिल्हा वसला आहे, तिलाही इतिहास आहे. आणि त्या जमिनीत उगवणाऱ्या पऱ्हाटीच्या पानावर जो एक चिमुकला किडा वावरतो, त्याच्या कुळाचा इतिहास तर या जमिनीहूनही जुना आहे. त्या कुळाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

या कुळाच्या आज तीन शाखा आहेत. पहिली नागमाश्यांची. मानेसारखा लांब भाग उंचावून ही माशी डोके वर काढते, तेव्हा फणा काढलेल्या नागाची आठवण होते. म्हणून आम्ही तिला हे नाव देतो. लिनिअसने १७५८ साली तिची शास्त्रीय नोंद केली. दुसऱ्या शाखेतील किडे अळीपण पाण्यात काढतात. तिसरी शाखा जाळीदार पंखांच्या किड्यांची. भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट पाहणारा किडा याच शाखेतला. आजच्या गणनेप्रमाणे पहिल्या शाखेत सुमारे २५० जाती आहेत, दुसरीत सुमारे ४००, तर तिसरीत सुमारे ६,०००. एकाच घराण्यात एवढी विषमता का असावी?

पूर्वी केवळ शरीररचना पाहून नागमाशी व पाण्यातील शाखा यांना सख्ख्या बहिणी मानण्याकडे अनेकांचा कल होता. अलीकडे जनुकांची तुलना झाली आणि वंशवृक्ष बदलला: नागमाशीची फांदी आधी फुटली, उरलेल्या दोघी एकमेकींना अधिक जवळच्या, आणि या सर्वांचे चुलत घराणे म्हणजे भुंगेरे. ही फाटाफूट २५ कोटी वर्षांहूनही जुनी आहे.

नागमाशी मात्र आरंभापासून दरिद्री नव्हती. ब्राझीलमधील खडकांत आणि ब्रह्मदेशातील सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत तिचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे एके काळी ती उष्ण प्रदेशांतही नांदत होती. आज ती उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण भागांपुरती उरली आहे. वर्धेच्या उन्हात ती आढळत नाही. तिच्या अळीला वाढ पुरी करण्यास थंडी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी आदळला. त्यानंतरच्या अंधारात व गारठ्यात उष्ण प्रदेशांतील नागमाश्या संपल्या आणि थंडी सोसणाऱ्याच वाचल्या, असे ऑस्ट्रियातील आस्पॉक दांपत्याचे अनुमान आहे. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. त्याच खडकाच्या झिजेतून आपली काळी माती झाली. एका कुळाचा ऱ्हास आणि आपल्या कपाशीच्या मातीचा पाया, हे दोन्ही काळाच्या एकाच पानावर लिहिलेले आहेत!

तिसरी शाखा मात्र या माळरानावर सुखाने टिकली. तिचा आपल्या शेतातील प्रतिनिधी म्हणजे शेतकरी ज्याला ‘क्रायसोपा’ म्हणतात तो हिरवा, सोनेरी डोळ्यांचा किडा. बारीक देठाच्या टोकावर तो एकेक अंडे ठेवतो. त्याची अळी पोकळ, वाकड्या दाढांनी मावा शोषून घेते. बरीच वर्षे भारतीय ग्रंथांत त्यास ‘कार्निया’ म्हणत. हे नाव स्टीफन्सने १८३६ साली एका युरोपीय किड्याला दिलेले. परंतु हे किडे पोट थरथरवून पानावर एक मूक गाणे गातात. नर-मादीची गाणी जुळली नाहीत तर मीलन होत नाही. दिसण्यात सारखे असलेले किडे गाण्यावरून निराळे ठरले, आणि २०१० साली आपला किडा ‘झास्ट्रोवी’ जातीची ‘सिलेमी’ ही उपजात असल्याचे प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत किडे वाढवून शेतात सोडायचे, तर आपला कोण हे ठाऊक असलेच पाहिजे.

आता खरा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस व्यापारात गावाच्या नावाने ओळखला जाई. पुढे देशी वाण मागे पडले, अमेरिकन आले. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. बीटीचा रोख बोंडअळीवर; मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर तिचा इलाज नाही. गुलाबी बोंडअळीही पुढे तिला दाद देईनाशी झाली. मग फवारणी वाढली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. जे विष माणसाला सोडीत नाही, ते क्रायसोपाच्या अळीची काय गय करणार? मावा मरतो तसा माव्याचा वैरीही मरतो. पण मावा झपाट्याने परत वाढतो, वैरी मागे राहतो, आणि शेतकरी पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने काही कीटकनाशके सोसणारा क्रायसोपाचा वाण निवडून काढला आहे. हे काम मोलाचे खरे, पण विष सोसणारा मित्र शोधण्याआधी विष कमी करणे हा अधिक सरळ मार्ग होय. पीक कोवळे असताना पान उलटून किडे मोजावेत, उगाच पंप उचलू नये. बांधावर फुलणारी झाडे राखावीत, कारण या जातीचा प्रौढ किडा मध, पराग व माव्याचा चिकटा यांवर जगतो. नागमाशीला उष्ण प्रदेशांतून घालवले ते निसर्गाच्या कोपाने, असे दिसते. त्यावर कोणाचा इलाज नव्हता. क्रायसोपाचे भवितव्य मात्र आपल्या हातातल्या पंपावर अवलंबून आहे.