हरताळ, नूरा आणि बऱ्हाणपूरचा हमाम

"नियमांना हरताळ फासला" हे वाक्य आपण वर्तमानपत्रात आठवड्यातून दोनदा तरी वाचतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संप येतो, बंद दुकाने येतात. पण हा हरताळ तो नव्हे! हा हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक यांचे पिवळेजर्द खनिज. पोथ्या लिहिणारे लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप फासून ते पुसून टाकत. आमच्या कचेरीत आता खाडाखोड झाली की एक आडवी रेघ मारून बाजूला सही करावी लागते, आणि हरताळाचा पांढरा धाकटा भाऊ जो व्हाइटनर, त्याला पाहिले की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात. असो.

हाच हरताळ माणसाच्या कातडीवरही फासला जात असे, केस घालवण्यासाठी. आणि त्याची हकिकत सांगायची तर बऱ्हाणपूरला जायला हवे.

भुसावळ सोडले, रावेर मागे पडले, की मध्य प्रदेशच्या हद्दीत तापीकाठी हे गाव लागते. आपल्याला ते आठवते संभाजी महाराजांच्या १६८१ सालच्या स्वारीमुळे. त्याआधी फारुकी सुलतानांची ही राजधानी होती आणि पुढे मुघलांचे दख्खनकडे तोंड केलेले ठाणे. नदीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराचसा ढासळला आहे, पण आत एक हमाम शिल्लक आहे, छतावर वेलबुट्टीची रंगीत नक्षी असलेला. त्याच्याशी मुमताज महलचे नाव जोडले जाते. चौदाव्या बाळंतपणात १७ जून १६३१ रोजी ती याच गावात वारली, आणि आग्र्याला नेण्याआधी तिचा देह तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलेला होता. येणारी माणसे ताजमहालाचे मूळ शोधत येतात, छताचे फोटो काढतात आणि जातात.

मला मात्र हमाम या वस्तूचेच कुतूहल अधिक. बाबराने आत्मचरित्रात हिंदुस्थानात काय काय मिळत नाही याची तक्रारवजा यादी दिली आहे, त्यात हमामही आहे. म्हणजे ही चैन बाहेरून आलेली. त्यासाठी पाणी लागते, तेही बारमाही. बऱ्हाणपूरने ते सातपुड्याच्या पोटातून काढले. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने डोंगराचे झिरपते पाणी भुयारांतून आणि विहिरींच्या साखळीतून गावात खेळवले. तोच कुंडी भंडारा, आजही पाहता येतो.

हमाम आला की त्याच्याबरोबर 'नूरा' आला. इराणी आणि तुर्की हमामात अंगावरचे केस काढायचा हा लेप, न विझवलेला चुना आणि हरताळ यांचा. तुर्क त्याला 'रुस्मा' म्हणत. सोळाव्या शतकात तिकडे फिरलेल्या प्येर बलों या फ्रेंच प्रवाशाने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. लेप किती वेळ ठेवायचा? तर अंडे शिजायला लागेल तेवढाच. मग धुवायचा. घड्याळ नसलेल्या काळातले हे घड्याळ मला फार आवडले.

पण ही विद्या केवळ परदेशी होती असे समजू नका. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपचार सांगितले आहेत, त्यांत केस घालवणे हाही एक आहे. कृती काय? शंखाच्या भस्माचे दोन भाग, हरताळाचा एक भाग आणि कांजीसारखे आंबट. आपल्या गोव्यात शिंपले भाजून केलेल्या चुन्याने घरे बांधली गेली, त्यामुळे शंखाचा चुना म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. लक्षात घ्या, वैद्याला सौंदर्याशी कर्तव्य नव्हते. केसांत झाकलेली जखम भरत नाही, म्हणून केस काढायचे.

चुना आणि हरताळ ओले झाले की कॅल्शियमची गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात आणि ती केसातल्या केराटिनचे बंध तोडतात. बाजारात मिळणारी केस काढण्याची क्रीम याच तत्त्वावर चालतात, फक्त द्रव्य बदलले आहे. अडचण एवढीच, की आपल्या कातडीचा वरचा थरही केराटिनचाच. लेपाला केस कुठे संपला आणि कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही! अंडे जास्त शिजले की कातडी गेलीच. शिवाय सोललेल्या जागेतून आर्सेनिक अंगात भिनणार ते वेगळेच.

आणि इथेच जुन्या लोकांची मला कमाल वाटते. इटलीतल्या सालेर्नो गावी बाराव्या शतकात स्त्रियांच्या प्रसाधनावर एक ग्रंथ लिहिला गेला. त्यात चुना-हरताळाच्या लेपाची कृती आहे. लेप तयार झाला की नाही ते पाहायला त्यात पीस बुडवायचे, पिसाचे तंतू गळले की झाला. आणि लगेच पुढे, कातडी भाजलीच तर काय लावायचे तेही आहे: पॉपलरच्या कळ्यांचे मलम, गुलाबाच्या नाहीतर व्हायोलेटच्या फुलांच्या तेलात. इराणातही नूरानंतर मेंदी लावायची चाल होती. कृती सांगणाऱ्याने इजा गृहीत धरलेली असे, उतारा शेजारीच असे.

भुवयांना मात्र हमामातही हा लेप लावण्याजोगा नव्हता, डोळा इतका जवळ. भुवयांसाठी दोरा आणि चिमटा. इराणात दोऱ्याने चेहरा कोरायचा 'बंदअंदाजी'चा विधी लग्नाशी जोडलेला होता, कुमारिका भुवया कोरत नसत. चिमट्याला हिंदी-उर्दूत मोचना म्हणतात, तो शब्दही फारसीतूनच आला.

आज दोऱ्याची जागा अनेक पार्लरांत गरम वॅक्सने घेतली आहे. लग्नसराईत आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या पापणीवरची कातडी वॅक्सच्या पट्टीबरोबर निघाली. पार्लरवालीने "होतं असं" म्हणून कोरफडीचा गर लावला, घरी कोणी हळद लावली, कोणी टूथपेस्ट सुचवली. मुलगी तीन दिवस ओढणी पुढे ओढून बसली आणि डॉक्टरकडे गेली चौथ्या दिवशी, कारण "एवढ्याशा गोष्टीसाठी" जायची लाज. मला राग आला तो या लाजेचा.

पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ. वॅक्स केसाबरोबर तिचा वरचा थरही धरते. मुरमांवरचे ट्रेटिनॉइनसारखे मलम लावणाऱ्यांची कातडी तर आधीच नाजूक झालेली असते. त्यांनी निदान आठवडाभर आधी ते थांबवल्याशिवाय तिथे वॅक्स करू नये. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर नकोच, आणि बंद केल्यावरही सहा महिने नको. गोरे करणारी म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडची मलमेही कातडी झिजवतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. तरी ती मिळतात, हे आपण सगळे जाणतो. पार्लरमध्ये बसण्याआधी आपण काय लावतो ते सांगायला हवे, आणि वॅक्स आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायला सांगावे. उन्हाने लालसर झालेल्या, पुरळ आलेल्या कातडीवर तर हात लावूच देऊ नये.

भाजलेच, तर वाहत्या गार पाण्याखाली, नाहीतर गार ओल्या कपड्याने, वीसेक मिनिटे. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट नको, आणि भेगांवर गुणकारी असलेले आपले कोकमाचे तेलही ताज्या भाजल्यावर नको. चिकटून राहिलेले वॅक्स ओढू नये. जागा गार झाल्यावर थोडी व्हॅसलीन लावली की ते सैल पडते. फोड फोडू नये. कातडी निघाली असेल तर साध्या पाण्याने धुऊन व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, खपली ओढू नये. आपल्या सावळ्या कातडीवर इजेनंतर काळा डाग राहतो, तो उन्हाने गडद होतो, म्हणून जागा भरल्यावरही काही आठवडे ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे. पू दिसला, सूज वाढली, पापणीवर फोड आला, की डॉक्टर. वॅक्स डोळ्यात गेले किंवा दिसायला अंधुक झाले, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणि नवऱ्या मुलींनी भुवया लग्नाच्या सकाळी करू नयेत. चार-पाच दिवस आधी कराव्यात, म्हणजे लाली उतरायला आणि काही बिनसलेच तर डॉक्टर गाठायला वेळ राहतो.